रिपोर्टात नसलेलं दुखणं

‘रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. पित्त आहे. गोळी चालू ठेवा.’

माझ्या धाकट्या बहिणीला आठ महिन्यांत हे किती वेळा ऐकावं लागलं, ते मी मोजलेलं नाही. फाईल मात्र माझ्याकडे आहे. चार सोनोग्राफी, दोन एंडोस्कोपी, एक सीटी स्कॅन, रक्ततपासण्यांचा गठ्ठा आणि काढून टाकलेल्या पित्ताशयाचं डिस्चार्ज कार्ड. दुखणं सुरू होण्याच्या दीड वर्ष आधी पुण्यात तिची वजन कमी करण्याची बायपास शस्त्रक्रिया झाली होती. ११२ किलोंवरून ती ६९ वर आली होती. मधुमेहाची गोळी सुटली होती, जिना चढताना धाप लागत नव्हती. आणि मग जेवल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने डाव्या बरगडीखाली कळ उठायला लागली. कळ पाठीत जायची. ती गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची. तासा-दोन तासांनी कळ आपोआप ओसरायची, आणि ओसरेपर्यंत आम्ही दवाखान्यात पोहोचलेलो असायचो. तिथे पोट मऊ, नाडी ठीक, रिपोर्ट नॉर्मल.

कोणा एका डॉक्टरवर राग काढायला मी हे लिहीत नाही, म्हणून एकाही दवाखान्याचं नाव इथे येणार नाही. पण आमच्या बारामती-इंदापुरात, घरात आणि दवाखान्यात, बायपास झालेल्या माणसाच्या पोटदुखीबद्दल जी मतं बेधडक दिली जातात, ती चुकीची आहेत. चुकीची आहेत एवढंच असतं तर सोडून दिलं असतं. ती जिवावर बेतणारी आहेत.

आधी पित्ताचं मत घेतो. आपल्याकडे बेंबीपासून गळ्यापर्यंत काहीही दुखलं की त्याचं नाव पित्त. ओवा चावून झाला, बेंबीवर हिंग लावून झाला, सोडा पिऊन झाला, की रिकाम्या पोटी घ्यायची गोळी सुरू होते. गावातल्या एका जाणत्या बाईने बेंबी सरकली म्हणून बहिणीचं पोट चोळूनही दिलं. त्या माउलीला मी बोल लावत नाही. बहिणीच्या पोटातली रचनाच बदललेली आहे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ज्यांना सांगितलं होतं, ज्यांच्या टेबलावर तसा कागद ठेवला होता, त्यांनीही तो बाजूला सारला. माझं भांडण तिथे आहे.

काय बदललेलं असतं ते नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. माणसाचं लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं. ते पोटात सुटं पडलेलं नसतं, एका पातळ पडद्याने पाठीच्या बाजूला धरलेलं असतं. साडीच्या निऱ्या आठवा. कमरेला खोचतो तो भाग वीतभर, खाली घेर केवढा तरी. आतड्याचा पडदा तसाच आहे. मुळाशी जेमतेम पंधरा सेंटिमीटर, आणि काठाला सहा मीटर आतडं. आतड्याला रक्त जातं ते याच पडद्यातून.

बायपासमध्ये सर्जन जठराच्या वरच्या टोकाला लिंबाएवढी पिशवी वेगळी करतात. मग लहान आतडं सुरुवातीच्या भागात कापून त्याचं खालचं टोक वर आणतात आणि त्या पिशवीला जोडतात. वरचं टोक, ज्यातून पित्त आणि पाचकरस येतात, ते पुढे खाली पुन्हा आतड्यालाच जोडतात. आतडं कापलं आणि हलवलं की त्याच्या पडद्याची मूळची घडी मोडते. वर आणलेल्या आतड्याचा पडदा आणि मोठ्या आतड्याचा पडदा यांच्यामध्ये एक फट राहते. खालच्या जोडापाशी दुसरी. मोठ्या आतड्याच्या पडद्याला भोक पाडून त्यातून आतडं वर नेलं असेल, तर तिसरी. उरलेलं मोकळं आतडं कधी तरी यातल्या एखाद्या फटीतून पलीकडे घुसतं, पिळतं, आणि बहुतेक वेळा आपणहून परत येतं. याला अंतर्गत हर्निया म्हणतात. हर्निया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जांघेतली किंवा बेंबीची गाठ येते. इथे बाहेर गाठ नाही, खोकल्यावर फुगवटा नाही, हाताला काही लागत नाही.

यातल्या पहिल्या फटीला पीटरसनची फट म्हणतात. वॉल्थर पीटरसन या जर्मन सर्जनने जठराला आतडं जोडल्यानंतर असं अडकलेलं आतडं १९०० साली नोंदवून ठेवलं. वजन घटवण्यासाठीचा बायपास अमेरिकेत आयोवाला एडवर्ड मेसन यांनी सुरू केला तो १९६६ साली. म्हणजे शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी हा धोका पुस्तकात होता. ‘असलं काही आम्ही ऐकलेलं नाही’ असं आम्हाला एका ठिकाणी ऐकवलं गेलं. सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या गोष्टीबद्दल ते वाक्य मला मान्य नाही.

आता ते, जे आम्हाला आधी कोणीच सांगितलं नाही. वजन जास्त असतं तेव्हा हा पडदा चरबीने जाड असतो आणि फट जवळपास भरलेली असते. वजन उतरतं तशी पडद्यातली चरबीही उतरते आणि फट मोकळी होत जाते. म्हणून हे दुखणं ऑपरेशननंतरच्या आठवड्यात सहसा येत नाही. ते येतं वर्षाने, दीड वर्षाने, दोन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा. माणूस बारीक झालेला असतो, नवे कपडे शिवून झालेले असतात, आणि ऑपरेशनची गोष्ट जुनी झालेली असते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचाही यात वाटा आहे. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर आतडी आपसांत चिकटतात. दुर्बिणीने केल्यावर ती फारशी चिकटत नाहीत, आणि न चिकटलेलं आतडं मोकळं हिंडतं. ‘ऑपरेशनला दोन वर्षं होत आली, त्याचा आता काय संबंध?’ असं आम्हाला दोन वेगवेगळ्या ठिकाणी विचारलं गेलं. दुखण्याची वेळच या संबंधाची खूण होती.

दुसरं मत रिपोर्टचं. मशीनमध्ये काही दिसलं नाही, म्हणजे काही नाही. आमच्या भागातल्या माणसाला याचं उत्तर नीरा डाव्या कालव्याच्या भाषेत देता येईल. आवर्तन बंद झाल्यावर चारीवर जाऊन उभं राहिलं आणि ‘पाणी नाही’ असं लिहून घेतलं, तर लिहिलेलं खोटं नसतं. पण तेवढ्यावरून या चारीला पाणी येतच नाही असं कोणी ठरवलं, तर शेतकरी ते ऐकून घेणार नाही. आतडं फटीत गेलेलं असताना तपासणी झाली पाहिजे. ते परत आल्यावर चार दिवसांनी, उपाशीपोटी, अपॉइंटमेंट घेऊन केलेली तपासणी बंद आवर्तनाची पाहणी असते.

शिवाय कोणती तपासणी काय दाखवू शकते, हेही बघा. सोनोग्राफी पित्ताचे खडे उत्तम दाखवते, पण आतड्यातल्या वायूपुढे ती हतबल असते आणि पडद्यातली फट तिला दिसत नाही. एंडोस्कोपी छोटी पिशवी आणि वरचा जोड बघते, तिथला अल्सर पकडते. मात्र फटी तिच्या वाटेवरच नसतात, आणि बंद करून बाजूला ठेवलेलं जुनं जठर नेहमीच्या एंडोस्कोपीला गाठता येत नाही. साध्या एक्स-रेत आतडं अडल्याची ओळखीची चिन्हं उमटतीलच असं नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि लॅक्टेट वाढतात ते बहुतेकदा आतड्याचं रक्त तुटायला लागल्यावर. तोवर ते आकडे सभ्य असतात. उलटीचंही तसंच. आतडं अडलं की माणूस भडाभडा ओकतो, हा सगळ्यांचा अनुभव. बायपास झालेल्या माणसाच्या पिशवीत ओकायला फारसं काही नसतं, आणि अडथळा पित्त वाहणाऱ्या बाजूला असेल तर कोरडे उमासे येऊन थांबतात. ‘उलटी नाही ना? मग काळजी नाही’ हे त्यामुळे इथे लागू होत नाही.

राहिला सीटी स्कॅन. या सगळ्यांत तोच उपयोगाचा. पडद्यातल्या रक्तवाहिन्या पाण्यातल्या भोवऱ्यासारख्या पिळलेल्या दिसल्या की ती अंतर्गत हर्नियाची सर्वांत भरवशाची खूण मानतात. पण हा भोवरा बघायचा आहे, हे बघणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. माझ्या बहिणीच्या सीटीच्या चिठ्ठीवर ‘पोटदुखी’ एवढा एकच शब्द होता. बायपासचा उल्लेख नव्हता. आणि सगळं नीट सांगून, अनुभवी डोळ्यांनी बघूनही काही वेळा सीटीत हे निसटतं. म्हणून या विषयातले सर्जन गेली कितीतरी वर्षं एकच सांगत आले आहेत. बायपासनंतर पुन्हा पुन्हा उठणारी, कारण न सापडणारी कळ असेल, तर सीटी नॉर्मल आहे एवढ्यावरून अंतर्गत हर्निया नाही असं म्हणता येत नाही. दुर्बीण घालून बघावं लागतं.

यावर लगेच आक्षेप येतो, आणि तो मी हलक्यात घेणार नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल असताना पोटात दुर्बीण घालायची? हा धंदा झाला.’ असं म्हणणाऱ्याला महाराष्ट्रात सबळ कारण आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढली गेल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. अशाच ऊसतोड टोळ्या दर हंगामात आमच्या माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांच्या उसात कोयता घेऊन उतरतात. त्यांच्या कोप्या आम्ही बघतो. त्या बायकांना ‘पोटात दुखतं’ या एका वाक्यावर टेबलावर घेतलं गेलं, हे ज्याने वाचलं आहे, तो दुर्बिणीच्या नावाने दचकणारच. दचकलंच पाहिजे.

पण दोन्हीतला फरक बघा. तिथे मोघम तक्रारीवर धडधाकट अवयव काढून टाकला. इथे पोटाची रचना सर्जनने बदललेली आहे, फट कुठे आहे हे माहीत आहे, ती उघडी राहिली तर काय होतं हे माहीत आहे, आणि दुखणं नेमकं त्या वाटेने बोलतंय. इथे काही काढायचं नसतं. बघायचं, अडकलेलं सोडवायचं आणि फट शिवायची. माझ्या बहिणीच्या बाबतीत बेपर्वाई झाली ती उलट्या बाजूने. सोनोग्राफीत खडे दिसले म्हणून पित्ताशय काढलं गेलं. झपाट्याने वजन उतरल्यावर पित्तात खडे होतात, हे खरं आहे, आणि खडे होतेही. पण त्याच भूल दिलेल्या तासात, दुर्बीण पोटात असतानाच, खाली आतड्याकडे वळून कोणी बघितलं नाही. पंधरा दिवसांत कळ परत आली.

दुर्बीण घालून बघणं हे परदेशातून कालपरवा आलेलं थेर आहे, असाही एक सूर असतो. तो चूक आहे. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पोटातलं कारण शोधण्यासाठी दुर्बीण वापरायला सुरुवात केली ती १९७२ साली. तेव्हा सीटी स्कॅनचं यंत्र जगातच नवं होतं, आपल्या सरकारी दवाखान्यांत तर ते स्वप्नातही नव्हतं. गरीब पेशंटचं पोट का दुखतंय, क्षयाने की कर्करोगाने की आणखी कशाने, हे कमी खर्चात आणि छोट्या छेदातून कळावं, हा त्यामागचा विचार होता. दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रियाही त्यांनी १९९० साली तिथेच केली. म्हणजे आपल्याकडे दुर्बीण आधी बघायला आली, कापायला नंतर. यंत्रांच्या गर्दीत आपण ती पहिली रीत विसरलो.

आता ते मत, ज्याने माझ्या बहिणीला सगळ्यात जास्त तोडलं. ‘मनाचं आहे.’ कोणी ‘टेन्शन’ म्हणालं, कोणी ‘घरी काही आहे का?’ असं मला बाजूला घेऊन विचारलं, एका ठिकाणी झोपेची गोळी लिहून दिली. ती जेवायला घाबरायची, हे खरं. ताटावर बसली की डोळ्यांत पाणी यायचं, हेही खरं. ज्या घासानंतर कळ येते त्या घासाला माणूस घाबरणार नाही तर काय करेल? भीती दुखण्याच्या मागून आली होती. तिला दुखण्याचं कारण ठरवणं म्हणजे धुराला आगीचं कारण म्हणणं आहे. हे पुरुषांच्या वाट्याला कमी येतं, असं माझं स्पष्ट मत आहे. बाईचं पोट दुखलं की पाळी, पित्त, आणि मग मन, असा क्रम आपल्याकडे ठरून गेला आहे. ‘दादा, मी खोटं बोलतेय असं तुलाही वाटतं का?’ असं तिने एकदा मला विचारलं. मला तेव्हा ठामपणे ‘नाही’ म्हणता आलं नाही. आठ महिन्यांनी रिपोर्टांवर माझाही विश्वास बसायला लागला होता. हा लेख लिहिण्यामागे ते एक ओझं आहे.

नातेवाइकांचं मत याहून कठोर असतं. ‘हौसेने पोट कापून घेतलं, आता भोगा. चार महिने चालली असती तर वजन उतरलं असतं.’ ज्याला असं वाटतं त्याने पुण्यातच झालेलं काम बघावं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले आहेत. आपली बाळं जन्मतः वजनाने कमी, पण शरीरातल्या चरबीच्या प्रमाणाने तशी कमी नसतात, हे त्यांनी जगाला दाखवलं. याज्ञिक आणि लंडनचे युडकिन या दोन डॉक्टरांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. मधुमेह आपल्याला कमी वजनावर का गाठतो, याचा अंदाज त्या एका फोटोवरून येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या निघाल्या. त्यातल्या शस्त्रक्रियेची गरज असणाऱ्या थोड्या, पण त्यांची गरज खरी असते. स्वीडनमध्ये अशा शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या लठ्ठ माणसांची वर्षानुवर्षं तुलना झाली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यू लक्षणीय कमी आढळले. माझ्या बहिणीने ऑपरेशन केलं ते बरोबर केलं. आजही मी हेच म्हणेन.

आणि म्हणूनच सर्जन मंडळींच्या बाजूने येणारं मतही खोडायला हवं. ‘हे फार विरळ आहे, उगाच लोकांना घाबरवू नका. शिवाय आम्ही फटी शिवतो.’ फटी शिवणं योग्यच आहे. पण त्याबद्दलचा मोठा अभ्यास काय म्हणतो? स्वीडनमधल्या १२ रुग्णालयांत २५०७ पेशंटांवर हा अभ्यास झाला आणि २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. निम्म्यांच्या फटी शिवल्या, निम्म्यांच्या उघड्या ठेवल्या. तीन वर्षांत लहान आतड्यात अडथळा आला म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया लागणाऱ्यांचं प्रमाण न शिवलेल्यांत १०.२ टक्के निघालं आणि शिवलेल्यांत ५.५ टक्के. यातला प्रत्येक अडथळा अंतर्गत हर्नियाचाच होता असं नाही. तरी शिवल्याने धोका जवळपास निम्मा झाला, हे स्पष्ट आहे. शिवण्याची किंमतही आहे. पहिल्या महिन्यातली गंभीर गुंतागुंत शिवलेल्यांत ४.३ टक्के होती, न शिवलेल्यांत २.८ टक्के, आणि त्याचं मुख्य कारण खालच्या जोडापाशी आतडं मुडपणं. शिवल्यावरही शंभरातल्या पाचांहून जास्त जणांना आतडं अडून पुन्हा टेबलावर जावं लागत असेल, तर या धोक्याला विरळ म्हणू नये. आणि टाके पडले म्हणून ती वाट कायमची बंद झाली, असंही धरून चालू नये. चरबी वितळल्यावर तेच टाके सैल पडू शकतात.

घाबरवू नका, हे मात्र मला मान्य आहे. म्हणून नेमकं सांगतो. स्लीव्ह म्हणजे जठर उभं कापून नळीसारखं करण्याची शस्त्रक्रिया. आपल्या देशात तीच जास्त होते. तिच्यात आतडं कापत-जोडत नाहीत, त्यामुळे या फटी तयार होत नाहीत. मिनी बायपासमध्ये जोड एकच असतो, धोका कमी असतो, पण पीटरसनची फट तिथेही असते. आणि बायपास झालेल्या प्रत्येकाची पोटदुखी अंतर्गत हर्नियाची नसते. वरच्या जोडापाशी अल्सर होतो, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना. पित्ताचे खडे होतात, मुतखडे होतात. हे सगळं बघावंच. माझं म्हणणं एवढंच की हे सगळं बघून झाल्यावर यादी संपत नाही. आमच्याकडे ती प्रत्येक वेळी तिथेच संपवली गेली.

वेळेचा हिशेब बारामती-इंदापुरात वेगळा मांडावा लागतो. आतडं पिळून रक्त पूर्ण थांबलं की ते मरायला काही तास पुरतात. बारामतीहून पुणे शंभर किलोमीटर, इंदापूरहून एकशे चाळीस. पालखीच्या दिवसांत, गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असताना, त्या अंतराचे किती तास होतील ते सांगता येत नाही. ‘दुखलं की पुण्याला घेऊन या’ हे वाक्य पुण्यात बसून सोपं आहे. पहाटे दोन वाजता कळ उठल्यावर माणूस जातो तो जवळच्या दवाखान्यातच. तिथे जो डॉक्टर असेल त्याला हे माहीत हवं. पुण्याच्या सर्जनचा फोन त्या डॉक्टरसाठी उचलला जायला हवा. आठ महिन्यांत आम्ही लावलेल्या फोनना ‘ओपीडीत दाखवा’ हे उत्तर आलं. बायपास करणाऱ्याची जबाबदारी टाके काढल्यावर संपत नाही. वजन उतरण्याचं श्रेय जितकी वर्षं घेतलं जातं, तितकी वर्षं फटीची जबाबदारीही राहते.

आणखी एक गोष्ट तालुक्याच्या दवाखान्यांसाठी, कारण तिथे पहिला उपचार सलाईन असतो. बायपासनंतर ज्याला दिवसेंदिवस खाणं टिकत नाही, त्याच्या शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपलेलं असू शकतं. अशा माणसाला थायमिनचं इंजेक्शन न देता ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थायमिन आधी, ग्लुकोज नंतर. थायमिन महाग औषध नाही.

आणि गरोदर बायका. बायपासनंतर वजन उतरलं की पुष्कळ जणींना दिवस राहतात, जे आधी राहत नव्हते. वर्ष-दीड वर्ष थांबावं असा सल्ला असतो. थांबल्यावरही धोका उरतो, कारण वाढतं गर्भाशय आतडी वर ढकलतं आणि ती फटीकडे सरकतात. अशा बाईची पोटदुखी गरोदरपणाच्या खात्यावर टाकली जाते, आणि पोटातल्या बाळाच्या काळजीने सीटीही टाळला जातो. त्यात आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बाई सातव्या महिन्यात इंदापूर तालुक्यातल्या माहेरी येते, ऑपरेशनची फाईल सासरच्या कपाटात राहते. आईला विचारलं तर ती सांगते, ‘दुर्बिणीचं काहीतरी झालंय.’ आपल्याकडे दुर्बिणीचं काहीतरी प्रत्येक तिसऱ्या बाईचं झालेलं असतं, बहुतेकींचं कुटुंबनियोजनाचं. डॉक्टर पुढे विचारत नाहीत.

माझी बहीण वाचली ती एका रात्रीमुळे. त्या रात्री कळ ओसरली नाही. पुण्याच्या वाटेवर भिगवण मागे पडलं तेव्हा ती गाडीच्या मागच्या सीटवर गप्प झाली होती, आणि तिचं कण्हणं थांबल्याचं मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटायचं लक्षण नव्हतं, हे आज कळतं. पुण्यातल्या एका तरुण सर्जनने ऑपरेशनची जुनी नोंद मागितली, ती वाचली, आणि नवी तपासणी न सांगता दोन तासांत तिला आत घेतलं. दुर्बीण घातल्यावर सर्जन आतडं सुरुवातीपासून बघत नाहीत, शेवटापासून बघतात. लहान आतडं मोठ्याला मिळतं ती जागा बायपासमध्ये कोणी हलवलेली नसते. तिथून मागे मागे आतडं मोकळं करत आलं की गुंत्यात दिशा चुकत नाही. बहिणीचं आतडं पीटरसनच्या फटीतून पलीकडे गेलेलं होतं, पिळलेलं होतं, काळपट पडायला लागलं होतं. सोडवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ते परत गुलाबी झालं. दोन्ही फटी शिवल्या. एक वीतही आतडं काढावं लागलं नाही. त्या दिवसापासून तिला ती कळ आलेली नाही. झोपेची गोळी तिने स्वतःच बंद केली.

बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या शस्त्रक्रिया विभागाला माझी विनंती आहे. बायपास झालेल्या पोटदुखीच्या पेशंटला काय विचारायचं, कोणत्या क्रमाने काय करायचं, आणि कुठल्या क्षणी वाट न बघता दुर्बीण घालायची किंवा पुढे पाठवायचं, हे एका पानावर मराठीत लिहा. ते पान बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या सरकारी आणि खासगी दवाखान्यांत पोहोचवा. पुणे-मुंबईत बायपास करणाऱ्यांना विनंती, पेशंटला घरी सोडताना फक्त आहाराचा तक्ता देऊ नका. कोणती शस्त्रक्रिया केली, कधी केली, आतडं मोठ्या आतड्याच्या पुढून नेलं की मागून, फटी शिवल्या की नाही, आणि रात्री कोणत्या नंबरवर फोन उचलला जाईल, एवढं त्याला लिहून द्या.

आणि ज्यांच्या घरात बायपास झालेलं माणूस आहे, त्यांनी आज संध्याकाळी फाईल काढा. हा कागद त्यात नसेल तर सर्जनकडून मागून घ्या. त्याच्या दोन प्रती काढा. एक सासरी ठेवा, एक माहेरी.